खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीत वाढलेले कृमी आटोक्यात आणताना

खाऱ्या पाण्याची टाकी लावून चार-सहा महिने झाले की एखाद्या रात्री, दिवे मालवल्यानंतर तासाभराने, सहज टॉर्च मारून पाहणाऱ्याला दिवसा कधी न दिसलेले जग दिसते. खडकाच्या भेगाभेगांतून गुलाबी-तपकिरी रंगाचे, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांची झालर असलेले कृमी निम्मेअधिक बाहेर आलेले असतात, वाळूवर पांढरे धागे पसरलेले असतात, आणि झोत पडताच हे सारे क्षणात आत दडी मारते. अशा वेळी पहिला प्रश्न मनात येतो तो ‘यांना मारायचे कसे’ हाच. माझे सांगणे असे की या प्रश्नाला तिसऱ्या क्रमांकावर ठेवावे. आधी तो कृमी कोणता हे पाहावे, मग एवढ्या संख्येला पुरेल इतके अन्न टाकीत येते कोठून हे शोधावे, आणि त्यानंतरच काढण्याचा किंवा मारण्याचा विचार करावा. हा क्रम मोठ्या टाकीत चुकला तरी एखादे वेळी निभावून जाते. 40 ते 100 लिटरच्या टाकीत निभावत नाही, कारण इतक्या थोड्या पाण्यात एका दिवसात शेकडो जीव मेले तर त्यांच्या कुजण्याने वाढणारा अमोनिया आणि घटणारा प्राणवायू यांमुळे कृमींपाठोपाठ मासे आणि प्रवाळही जातात.

आधी ओळख

टाकीत सर्वांत जास्त आढळतो तो ब्रिसल वर्म, म्हणजे अंगाच्या प्रत्येक वलयावर दोन्ही बाजूंना राठ केसांचे झुबके असलेला कृमी. यातल्या बहुतेक जाती मेलेले आणि उरलेले खाऊन जगतात. एकदा माझ्या टाकीतली एक गोगलगाय मेली तेव्हा मी रात्री हे अगदी जवळून पाहिले. तिच्या शंखाच्या तोंडाशी सात-आठ कृमी गर्दी करून होते, प्रत्येकाचे शेपूट आपापल्या बिळात रोवलेले आणि डोके मात्र मांसात खुपसलेले. सकाळी पाहिले तर शंख आतून पुसल्यासारखा स्वच्छ होता, आणि अमोनियाच्या चाचणीत काहीही दिसले नाही. ते कृमी नसते तर त्या गोगलगायीचे मांस खडकामागे कुजत राहिले असते. शिवाय हेच कृमी वाळूच्या थरात सतत फिरत असल्यामुळे वाळू मोकळी राहते. ‘कृमींनी गोगलगाय मारली’, ‘कृमींनी मासा खाल्ला’ असे जे म्हटले जाते, त्यात बहुतेक वेळा तो जीव आधीच मेलेला किंवा मरणपंथाला लागलेला असतो आणि कृमी फक्त वेळेवर पोहोचलेले असतात.

याच कुळातला फायर वर्म मात्र वेगळा काढावा लागतो. अटलांटिक महासागर आणि भूमध्य समुद्रातील हर्मोडिसे कॅरुंक्युलाटा ही जाती प्रवाळाच्या फांदीचे टोक तोंडात घेऊन त्यावरचे जिवंत मांस ओरबाडते, आणि मागे पांढरे, उघडे पडलेले टोक राहते. हा कृमी चपटा आणि रुंद असतो, त्याच्या प्रत्येक वलयाशेजारी लालसर, झुडपासारखे कल्ले असतात आणि डोक्यावर मांसल तुरा असतो. डिवचले की त्याचे पांढरे केस फुलून उभे राहतात. टाक्यांमध्ये तो क्वचितच येतो. आपल्याला दिसलेला कृमी सडपातळ, गुलाबी किंवा करडा असेल, तुरा नसेल आणि प्रवाळाच्या फांद्यांची टोके शाबूत असतील, तर त्याला फायर वर्म समजून घाबरण्याचे कारण नाही. हात मात्र दोघांनाही लावू नये. केस दोघांचेही टोचतात.

दुसरा, खरोखर धोक्याचा गट युनिसिड कृमींचा आहे. त्यांच्या अंगावर केसांची झालर जवळजवळ दिसत नाही, त्वचेवर तेलाच्या तवंगासारखी इंद्रधनुषी चमक असते आणि डोक्यावर बहुधा पाच मिशा स्पष्ट मोजता येतात. यातले काही शेवाळ ओढून बिळात नेतात, काही मऊ प्रवाळ कुरतडतात, आणि बॉबिट वर्म या नावाने ओळखली जाणारी युनिस ॲफ्रोडिटॉइस ही जाती वाळूत दबा धरून जिवंत मासे पकडते. इंग्लंडमधील न्यूकी येथील ब्लू रीफ मत्स्यालयात 2009 मध्ये प्रवाळांची नासधूस कोण करते याचा शोध घेताना सारी मांडणी उचकटावी लागली, तेव्हा खडकांत लपलेला सुमारे चार फूट लांबीचा असा एक कृमी सापडला होता. मत्स्यालयात रोज देखरेख करणाऱ्या माणसांनाही जो इतका काळ दिसला नाही, तो घरच्या टाकीत दिवसा दिसेल अशी अपेक्षा धरू नये. मासे एकामागून एक नाहीसे होत असतील आणि मृत शरीरे सापडत नसतील, तर रात्रीची पाहणी आवश्यक आहे.

चपट्या कृमींची, म्हणजे फ्लॅटवर्मची, गोष्ट निराळी. छोट्या टाकीत हाताबाहेर जातात ते बहुतेक वेळा हेच. गंजासारख्या तांबूस रंगाचे, काही मिलिमीटर लांब, मागच्या टोकाला तीन छोटी टोके असलेले कॉन्व्होल्युट्रिलोबा हे कृमी अंगात सूक्ष्म शैवाल बाळगतात, त्यामुळे त्यांना उजेड लागतो आणि ते प्रवाह मंद असलेल्या उजेडाच्या जागी गोळा होतात. ते अंगातूनच नवी पिल्ले सोडून वाढतात, जोडीदाराची गरज पडत नाही, म्हणून एका कृमीपासूनही पुढे सारा थर तयार होऊ शकतो. ते प्रवाळ खात नाहीत, पण प्रवाळाच्या पृष्ठभागावर गालिचा पसरावा तसे पसरले की खालच्या प्रवाळाला उजेड मिळत नाही. काचेवर फिरणारे पांढरट, जवळजवळ पारदर्शक, टाचणीच्या डोक्याएवढे चपटे कृमी बहुधा निरुपद्रवी असतात. ॲक्रोपोरा जातीच्या प्रवाळावर मात्र त्याच रंगाचा, बारकाईने पाहिल्याशिवाय न दिसणारा एक कृमी राहतो, जो त्या प्रवाळाचे मांसच खातो. त्याची खूण म्हणजे फांदीवर गोल गोल फिकट चट्टे आणि बुडाशी, उघड्या पडलेल्या भागावर, तपकिरी अंड्यांचे पुंजके. शेवटचा प्रकार ओल्या कागदासारख्या पातळ, दोन-चार सेंटिमीटर मोठ्या चपट्या कृमींचा. हे गोगलगायी आणि शिंपल्याचे जीव खातात. सापडले की एक-एक करून काढावेत.

बाकीच्यांना सोडून द्यावे. काचेवर आणि पंपावर दिसणारी एक-दोन मिलिमीटरची पांढरी वेटोळी पाणी गाळून खाणाऱ्या कृमींची घरे असतात. ती पंपाच्या पात्यात साचली तर पंप व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात तासभर बुडवून घासावा, एवढेच काम. पिसांच्या पंख्यासारखा मुकुट असलेले कृमी तर टाकीची शोभाच आहेत. वाळूवर धागे पसरणारे स्पॅगेटी वर्म आणि भुईमुगाच्या शेंगेसारखे दिसणारे पीनट वर्म कोणाला त्रास देत नाहीत. टणक, वेड्यावाकड्या नळ्यांतून चिकट जाळे सोडणारा व्हर्मेटिड हा जीव नळीमुळे कृमी वाटला तरी ती गोगलगाय आहे. त्याच्या नळीच्या तोंडावर सायनोॲक्रिलेटच्या घट्ट गोंदाचा थेंब ठेवून ते बंद करणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

संख्या का वाढते

ब्रिसल वर्मची संख्या म्हणजे टाकीत उरणाऱ्या अन्नाचे माप असते, हे ज्याला पटले त्याचे निम्मे काम झाले. दोनशे कृमी काढले आणि खाणे तसेच घालत राहिले तर दोन महिन्यांत पुन्हा दोनशे होतात. उलट खाणे आवरले तर एकही कृमी न पकडता संख्या उतरते, मात्र त्याला माझ्या अनुभवाप्रमाणे सहा ते आठ आठवडे लागतात आणि तेवढा धीर धरावा लागतो.

दोन छोट्या माशांच्या टाकीत गोठवलेल्या खाद्याची अख्खी वडी टाकणे हे जास्त खाणे होण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. वडी आधी वाटीत टाकीचे थोडे पाणी घेऊन विरघळू द्यावी, बारीक जाळीतून गाळून तो गढूळ रस फेकून द्यावा आणि उरलेल्यातला पाव भाग घालावा. घालताना पंप थांबवावा, म्हणजे खाद्य खडकामागे वाहून जाणार नाही, आणि पंप पुन्हा सुरू करायला विसरू नये. दोन-तीन मिनिटांत मासे जेवढे टिपतात तेवढेच त्यांचे जेवण. तळाशी एक कणही उतरताना दिसला तर पुढच्या वेळी घास कमी करावा. प्रवाळांसाठी म्हणून पाण्यात पूड उधळण्याची सवय असेल तर ती महिनाभर बंद ठेवून पाहावी.

दुसरे काम साचलेल्या गाळाचे. लांब नळीची, रबरी फुगा असलेली पिचकारी घेऊन दर पाणी बदलण्याच्या आधी खडकांच्या भेगांत पाण्याचा झोत मारावा. पहिल्या वेळी निघणारा तपकिरी ढग पाहिला की कृमी एवढे का झाले याचे उत्तर डोळ्यांसमोर येते. तो गाळ तरंगत असतानाच सायफन नळीने पाणी काढावे. वाळू मात्र एका वेळी चतुर्थांशच स्वच्छ करावी आणि पुढचा भाग पुढच्या आठवड्यात घ्यावा, कारण सारी वाळू एकदम ढवळली तर तळाचे साचलेले विषारी द्रव्य पाण्यात येते. फिल्टरचा कापूस किंवा सॉक, म्हणजे पाणी गाळणारी कापडी पिशवी, दर तिसऱ्या दिवशी बदलावा. तो आठवडाभर तसाच राहिला तर त्यात अडकलेले अन्न टाकीबाहेर गेलेले नसते, फक्त जागा बदलून तिथेच कुजत असते. खडक थेट वाळूवर आडवे रचलेले असतील तर दोन-तीन टेकूंवर उचलून ठेवावेत, जेणेकरून त्यांच्याखालूनही प्रवाह जाईल.

हे करताना टोक गाठू नये. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणले तर प्रवाळ फिके पडतात. प्रति लिटर नायट्रेट 5 ते 10 मिलिग्रॅम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 मिलिग्रॅम या मर्यादेत राहिले तरी कृमींची संख्या आटोक्यात येते.

येथे एक सावधगिरी सांगणे गरजेचे वाटते. एरवी रात्रीच दिसणारे कृमी एखाद्या दिवशी भरदिवसा मोठ्या संख्येने बाहेर आले, तर ती संख्यावाढ नाही, तो इशारा आहे. बहुधा खडकामागे काही मोठे मेलेले असते किंवा पाण्यातला प्राणवायू कमी झालेला असतो. अशा वेळी आधी अमोनिया तपासावा, मासे आणि गोगलगायी मोजाव्यात, पंप आणि हवेचा पुरवठा पाहावा.

सापळा आणि चिमटा

खाणे कमी केल्यानंतर, ती उतरती अवस्था लवकर यावी म्हणून किंवा एखादा फार मोठा कृमी नको म्हणून, सापळा लावणे योग्य. झाकणाची छोटी प्लॅस्टिक डबी घ्यावी, तिच्या बाजूंना पाच-सहा मिलिमीटरची दोन-तीन भोके पाडावीत आणि त्या भोकांतून स्ट्रॉचे तीन-चार सेंटिमीटरचे तुकडे आत खुपसून बसवावेत, असे की आतले टोक डबीच्या मध्यापर्यंत अधांतरी राहील. कृमी वासाने स्ट्रॉमधून आत जातो, पण परत फिरताना तो डबीच्या भिंतीला धरून सरकतो आणि त्याला ते अधांतरी टोक सापडत नाही. आत कोळंबीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि तळाशी वजनासाठी एक खडा ठेवावा. दिवे मालवण्याच्या वेळी डबी खडकाच्या पायथ्याशी, भोके खडकाकडे करून, ठेवावी आणि पहाटे दिवे लागण्याआधी काढून घ्यावी. दिवसभर डबी आत राहू दिली तर ते आमिषच टाकीत कुजते.

डबी करण्याचा त्रास नको असेल तर जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा पुरतो. कोळंबी मोज्याच्या दोन-तीन पदरांत सैल गुंडाळून गाठ मारावी. कृमीचे केस त्या जाळीत अडकतात आणि सकाळी गुंडाळी उचलली की तिच्यासोबत तेही येतात. माझ्या टाकीत डबीपेक्षा हा सापळा जास्त चालला, मात्र कृमी त्यातून सोडवता येत नाहीत, सारी गुंडाळीच टाकून द्यावी लागते.

चिमट्याने काढायचे असेल तर कृमी बिळाबाहेर निम्म्याहून जास्त आल्याशिवाय पकडू नये आणि पकडल्यावर झटका देऊ नये. तो बिळाच्या भिंतीला घट्ट धरून असतो. ताण दिला तर तुटतो. तुटलेला भाग हाती येतो, उरलेला भाग आत जातो आणि अनेक जातींत तो पुन्हा पूर्ण वाढतो. म्हणून हलका, सारखा ताण ठेवून त्याची पकड सैल होण्याची वाट पाहावी. हातात जाड रबरी मोजे हवेतच. पातळ मोज्यांतून केस आरपार जातात. हे केस काचेच्या तंतूंसारखे ठिसूळ असतात, त्वचेत शिरून मोडतात आणि मग जळजळ आणि खाज सुटते. टोचलेच तर ती जागा चोळू नये. चिकटपट्टी हलकेच दाबून सरळ वर ओढावी, दोन-तीनदा नवी पट्टी घेऊन तेच करावे, आणि मग ती जागा व्हिनेगरने भिजवावी. सूज पसरू लागली किंवा श्वास जड वाटू लागला तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टर गाठावेत.

युनिसिड कृमीसाठी सापळा सहसा पुरत नाही, त्याचा खडकच बाहेर काढावा लागतो. त्यासाठी आधी दोन-तीन रात्री लाल कागद लावलेल्या टॉर्चने पाहून तो नेमका कोणत्या खडकातून निघतो हे निश्चित करावे, कारण लाल उजेडात कृमी लवकर बुजत नाहीत. तो खडक दिवसा, कृमी आत असताना, एका हालचालीत उचलून रिकाम्या बादलीत ठेवावा. मग त्याच्या बिळाच्या तोंडात साधे, गोडवा आणि चव नसलेले सोडा वॉटर पिचकारीने हळूहळू सोडावे. त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो बहुधा बाहेर येतो. येत नसेल आणि खडकावर प्रवाळ नसतील, तर वेगळ्या भांड्यात टाकीच्याच पाण्यात मीठ विरघळवून विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या खारेपणाचे माप, 1.035 ते 1.040 पर्यंत न्यावे आणि खडक मिनिट-दोन मिनिटे त्यात बुडवावा. खडकातले खेकडे, कोळंब्या आणि कृमी अशा वेळी धडपडत बाहेर पडतात. जे ठेवायचे ते चटकन साध्या खाऱ्या पाण्यात सोडावेत.

कृमी मरावा म्हणून खडक उकळण्याचा विचार मात्र कधीही करू नये. पॅलिथोआ आणि झोॲन्थस या प्रवाळसदृश जीवांपैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असते. हवाईतल्या अशाच जीवांपासून शास्त्रज्ञांनी 1971 मध्ये वेगळे काढलेले हे विष ज्ञात नैसर्गिक विषांपैकी सर्वांत तीव्र विषांत गणले जाते, आणि खडक उकळताना त्याची वाफ सारे घर आजारी पाडू शकते. गरम पाण्याने खडक घासणेही याच कारणाने टाळावे.

तांबूस चपट्या कृमींवर

येथे औषधाची वेळ येऊ शकते, पण सुरुवात नळीनेच करावी. चार ते सहा मिलिमीटर व्यासाची हवेची नळी सायफनसारखी वापरावी आणि दुपारी, दिवे तीन-चार तास लागून कृमी उजेडाच्या जागी पसरलेले असताना, ती अगदी पृष्ठभागाजवळ धरून त्यांना एकामागून एक ओढून घ्यावे. काढलेले पाणी गाळून परत टाकू नये, कारण चिरडलेल्या कृमींमधून विषारी द्रव्य सुटते. ते पाणी टाकून देऊन तेवढे ताजे खारे पाणी भरावे, म्हणजे पाणीबदलही होतो. पंपाचे तोंड त्यांच्या आवडत्या जागेकडे वळवावे. वाढलेला प्रवाह त्यांना मानवत नाही. काचेवर दहा सेंटिमीटरचा चौकोन आखून दर आठवड्याला त्यातले कृमी मोजून लिहून ठेवावेत. नुसत्या नजरेने अंदाज घेतला तर काम होत आहे की नाही हे कळत नाही, आणि मग माणूस कंटाळून नको तितक्या लवकर औषधाच्या बाटलीकडे वळतो.

मीही एकदा असाच वळलो होतो. साठ लिटरची टाकी, मागच्या काचेवर तांबूस थर, आणि मी बाटलीवर लिहिल्याप्रमाणे औषध मोजून घातले. अर्ध्या तासात कृमी गळून पाण्यात फिरू लागले आणि मला बरे वाटले. ताजे खारे पाणी तयार नव्हते, विष शोषून घेणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन नव्हता, आधी नळीने एकही कृमी काढलेला नव्हता. संध्याकाळी क्लाउनफिश पृष्ठभागाशी येऊन भरभर कल्ले हलवत होता आणि पाण्याला पिवळट छटा आली होती. रात्री दहा वाजता मी बादलीत मीठ विरघळवत बसलो. तो मासा वाचला, दोन कोळंब्या वाचल्या नाहीत. औषधाने कृमी मारले ते ठीकच होते. मेलेल्या कृमींमधून सुटलेल्या विषाची तयारी मी केलेली नव्हती.

म्हणून औषध घालण्याआधी पुढील तयारी पूर्ण असावी. आदल्या दिवशी टाकीच्या निम्म्या पाण्याएवढे खारे पाणी तयार करून, त्याचे तापमान आणि खारेपणा टाकीशी जुळवून, हलते ठेवावे. ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन धुऊन पिशवीत भरून हाताशी ठेवावा. हवेचा दगड, म्हणजे हवेच्या पंपाला जोडलेला बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड, टाकीत सोडून सुरू करावा. मागचे दोन-तीन आठवडे नळीने जमतील तेवढे कृमी काढलेले असावेत. शेवटच्या दिवशीही पुन्हा काढावेत. औषधाची मात्रा टाकीच्या आकारावरून न काढता खऱ्या पाण्यावरून काढावी. उदाहरणार्थ, 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद आणि 32 सेंटिमीटरपर्यंत भरलेल्या टाकीत हिशेबाने 57.6 लिटर येतात, पण काचेची जाडी, वाळू आणि खडक यांनी अडवलेली जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी बरेच कमी भरते. सर्वांत खात्रीचे माप टाकी पहिल्यांदा भरताना लिटरने मोजलेले असते, आणि ते लिहून ठेवले नसेल तर पुढच्या मोठ्या पाणीबदलाच्या वेळी मोजून घ्यावे.

औषध घातल्यावर कार्बन आणि स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे यंत्र, बंद ठेवावेत, कारण ते औषधच ओढून घेतात, आणि टाकीसमोरून उठू नये. कृमी सुटून तरंगू लागले की लगेच नळीने काढायला सुरुवात करावी. मासे धापा टाकू लागले तर सांगितलेली वेळ पुरी होण्याची वाट न पाहता तत्काळ पाणी बदलावे आणि कार्बन सोडावा. एरवी बाटलीवर सांगितलेली वेळ संपली की हेच करावे. कार्बन दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलावा. आठवड्याने वाचलेले कृमी दिसले तर तोच प्रयोग पुन्हा करावा. या दुसऱ्या खेपेला मरणारे कृमी थोडे असल्यामुळे ती बरीच सुरक्षित असते.

बाकीच्या औषधांबद्दल थोडक्यात. जनावरांच्या जंतांवरचे फेनबेंडाझोल ब्रिसल वर्मलाही मारते, पण गोगलगायी आणि काही मऊ प्रवाळही त्याने दगावतात आणि ते खडकात दीर्घकाळ टिकते. प्राझिक्वांटेल हे माशांच्या अंगावरील परजीवी चपट्या कृमींसाठी असून ते वेगळ्या टाकीत द्यावे. मुख्य टाकीत त्याने पंख्यासारखे कृमी मरू शकतात. तांबे असलेले कोणतेही औषध प्रवाळाच्या टाकीत घालू नये.

कृमी खाणारे जीव आणावेत का

छोट्या टाकीपुरते माझे उत्तर बहुतेक वेळा नाही असे आहे. सिक्स-लाइन रॅस हा मासा चपटे आणि छोटे कृमी टिपतो हे खरे, पण जागा कमी असली की तो नंतर आलेल्या माशांना छळतो. पिवळा कोरिस रॅस झोपताना वाळूत शिरतो, सुमारे 12 सेंटिमीटर वाढतो आणि त्याला लांब टाकी लागते. ॲरो क्रॅब ब्रिसल वर्म लांब चिमट्यांनी ओढून खातो. पुढे तो पंख्यासारखे कृमी आणि झोपलेले छोटे मासेही सोडत नाही. कोरल बँडेड श्रिंप कृमी खाते आणि टाकीत दुसरी कोळंबी खपवून घेत नाही. केलिडोनुरा व्हेरियन्स ही निळ्या रेघांची काळी, मखमली समुद्री गोगलगाय तांबूस चपट्या कृमींवरच जगते, म्हणून तिला आणणे सर्वांत योग्य वाटते. पण कृमी संपले की ती उपाशी मरते, आणि पंपाच्या तोंडात ओढली जाण्याचाही धोका असतो. आणायचीच असेल तर पंपाला स्पंज लावावा आणि काम झाल्यावर ती कोणाकडे जाणार हे आधी ठरवावे. एका उपद्रवासाठी एका जिवाला उपासमारीत टाकणे मला पटत नाही.

नवीन प्रवाळ घेताना

नव्याने आत येणारे जवळजवळ सारे कृमी प्रवाळाबरोबर किंवा खडकाबरोबर येतात. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. प्रवाळ ज्या गोल बैठकीवर चिकटवलेले असते तिच्या खालच्या बाजूला आणि देठाच्या खाचेतच बहुतेक अंडी आणि बिळे असतात, म्हणून शक्य असेल तर ती बैठक तोडून प्रवाळ नव्या बैठकीवर लावावे. त्यानंतर आयोडीनचे किंवा प्रवाळासाठी मिळणारे तयार द्रावण टाकीच्याच पाण्यात सांगितलेल्या मात्रेत मिसळून त्यात प्रवाळ बुडवावे आणि पिचकारीने सर्व बाजूंनी झोत मारत राहावे. भांडे पांढऱ्या रंगाचे घ्यावे, म्हणजे तळाशी पडलेले कृमी लगेच दिसतात. काही चपटे कृमी तर हलल्याशिवाय ओळखूच येत नाहीत. शेवटी प्रवाळ स्वच्छ खाऱ्या पाण्यात खळबळून घ्यावे आणि ते पाणी फेकून द्यावे.

कोणतेही द्रावण अंड्यांना मारत नाही. पुंजका दिसला तर धारदार पात्याने तो खरवडून, त्याखालचा थर थोडासा कापून काढावा. ॲक्रोपोरावरच्या कृमीची अंडी तापमानानुसार साधारण दीड ते तीन आठवड्यांत फुटतात, आणि नव्या पिलांनी पुन्हा अंडी घालण्यापूर्वीच त्यांना गाठायचे असल्यामुळे आठवड्यातून एकदा असे किमान चार ते सहा वेळा बुडवणे आवश्यक ठरते. तोवर प्रवाळ वेगळ्या टाकीत राहावे. त्यासाठी दहा-वीस लिटरचे भांडे, छोटा पंप, हीटर आणि एक दिवा पुरतो. तळाशी वाळू घालू नये, म्हणजे गळून पडलेले कृमी आणि अंडी नजरेतून सुटत नाहीत. सहा आठवडे झाल्यावरही एकदा भर उजेडात भिंगाने आणि एकदा रात्री लाल टॉर्चने ते प्रवाळ तपासावे, आणि दोन्ही वेळा काही आढळले नाही तरच मुख्य टाकीत न्यावे.